प्रमुख पाहुण्याचा गुडघा

सावळाराम देवकाते मागं उभा असला की गोलकीपरनं खुशाल तंबाखू मळावी, अशी साखर कारखान्याच्या कॉलनीत म्हण पडली होती. म्हण पाडणारा स्वतः सावळारामच होता ही गोष्ट वेगळी, पण ती खोटी आहे असं कुणी म्हणत नसे. नऊ वर्षं तो कारखान्याच्या फुटबॉल संघात स्टॉपर होता. म्हणजे शेवटचा गडी, पुढचे सगळे चुकले की ज्याच्या अंगावर येऊन पडतं तो. उंचीनं बेताचा, छातीनं रुंद. धावायला लागला की दोन्ही हात असे फिरायचे की जणू विहिरीतून घाईघाईनं बादली ओढतोय. समोरचा गडी चेंडू सोडून त्या हातांकडेच बघत राहायचा, आणि तेवढ्यात सावळाराम चेंडू कालव्यापलीकडच्या उसात धाडून मोकळा व्हायचा.

बारामतीच्या ह्या भागात पोरं कुस्ती खेळतात नाहीतर कबड्डी. फुटबॉल आणला मोहनरावांनी. ते कारखान्याच्या लॅबमधले केमिस्ट, कोल्हापूरचे. कोल्हापूरचा माणूस बदली होऊन कुठंही गेला तरी दोन गोष्टी बरोबर नेतो, चटणी आणि चेंडू. मोहनरावांनी आल्या-आल्या शाळेमागचं माळरान साफ करून घेतलं. सावळाराम बॉयलर हाऊसमध्ये फिटर, म्हणून गोलाचे खांब त्यानंच भंगारातल्या बॉयलरच्या नळ्या जोडून उभे केले. ज्यानं खांब उभे केले त्यानंच ते राखावेत, असं मोहनराव म्हणाले, आणि सावळाराम शेवटचा गडी झाला.

वर्षाकाठी दहा-पंधरा मॅची व्हायच्या, पण खरी एकच. कारखान्याचा बॉयलर पेटवायच्या आधीच्या रविवारी इंदापूरच्या संघाबरोबर ढालीची मॅच, तीही इंदापुरात. सावळारामची सासरवाडी अंथुर्ण्याची, म्हणजे इंदापूर तालुक्यातली. लग्न ठरताना सासरच्यांनी नाक मुरडलं होतं. आमची बागायत, ह्यांची अजून मेंढरं, पोरगं कारखान्यात असलं म्हणून काय झालं, बापाच्या खांद्यावर घोंगडंच हाय की, असं सासूबाई त्याच्या देखत म्हणाल्या होत्या. तेव्हापासून सासरवाडीत सावळाराम मान खाली घालून जेवायचा. मात्र ढालीच्या मॅचला सगळी सासरवाडी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून यायची. थोरला मेव्हणा हिंदुराव हा त्या मॅचचा माईकवाला. लग्न असो, कुस्त्या असोत, अंथुर्ण्यापासून इंदापुरापर्यंत माईक हिंदुरावांच्याच हातात. ते घसा खाकरून म्हणायचे, "पोलादी भिंत, आमचे दाजी, सावळाराम गेणू देवकाते!" त्या एका वाक्यावर सावळाराम वर्षभर जगायचा.

एक्क्याण्णव साली जुलैमध्ये कारखान्यात नवा टर्बाइन आला. टर्बाइन जर्मनीचा, आणि तो बसवायला आलेला माणूसही जर्मनीचा. वेर्नर होल्स्ट त्याचं नाव. चाळिशीचा, हाडापेरानं दणकट, नाकावर उन्हानं सोललेलं कातडं. कुशाबाईला, म्हणजे सावळारामच्या बायकोला, जर्मन म्हटलं की ॲल्युमिनियमचं पातेलं एवढंच ठाऊक होतं. तिनं विचारलं, हा कसा हाय दिसायला? सावळाराम म्हणाला, पातेल्यासारखाच, उन्हात ठेवलेल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला संघाचा सराव चालला होता. चेंडूचा आवाज ऐकून साहेब गेस्टहाऊसमधून चालत आला आणि हात मागं बांधून उभा राहिला. सावळारामनं त्याला दिसावं म्हणून अंमळ जोरातच एक लाथ हाणली. चेंडू नेम चुकून साहेबाच्याच अंगावर गेला. साहेब जागचा हलला नाही. त्यानं नुसता उजवा पाय पुढं केला, आणि चेंडू त्या पायाशी येऊन पाळलेल्या कुत्र्यासारखा बसला. सगळा संघ खेळ सोडून त्या पायाकडं बघायला लागला. सावळाराम तेव्हा जो जळायला लागला तो पुढं तीन महिने थांबला नाही.

मोहनरावांचं इंग्रजी मोडकं, साहेबाचंही मोडकंच, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं. मैदानाकडेच्या सिमेंटच्या बाकावर बसून साहेब बोलायचा आणि मोहनराव संघाला समजावून सांगायचे. साहेब फुटबॉलवाला निघाला. नुसता खेळणारा नव्हे, पगारी. "पगारी म्हंजे काय समजलासा? चेंडू अडवायचा पगार. रोज सकाळी उठायचं, चेंडू अडवायचा, घरला जायचं. मी काय सांगालोय ध्यानात येतंय काय?" असं मोहनराव म्हणाले तेव्हा संघातला गडी न् गडी सावळारामकडे वळून बघायला लागला. सावळाराम बुटाची नाडी सोडून परत बांधत बसला. घरी ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. कुशाबाई म्हणाली, तुमी नऊ वर्षं फुकटच अडवला म्हणायचा.

साहेबाची कारकीर्द अशी थोडी-थोडी बाहेर येत गेली, आणि सावळाराम आपलं माप तिच्याशेजारी लावून बघत गेला. साहेब उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावचा. अकरा वर्षं तिथल्या क्लबात मागं खेळला. आपली नऊ, ठीक आहे, दोन वर्षांत गाठू. दुसऱ्या नंबरच्या लीगमध्ये दोनशे अकरा मॅची. हे मात्र गाठण्यासारखं नव्हतं. अकरा वर्षांत गोल किती? एक. तोही कॉर्नरवरून आलेला चेंडू मानेला लागून आत गेला म्हणून. सावळाराम बाकावरून उठलाच. आपले दोन होते! त्यानं ते मोहनरावांना इंग्रजीत सांगायला लावलं. साहेबानं ऐकून मान हलवली आणि म्हणाला, दोन? मग तू पुढं फार पळतोस. गोल राखायला कोण होतं तेव्हा? सावळाराम परत खाली बसला.

स्वतःच्याच गोलात किती घातले, असं कुणीतरी विचारलं. साहेबानं तीन बोटं वर केली आणि एकेका बोटाची हकिकत मोठ्यानं हसत सांगितली. सावळारामचाही एक होता. तो गोलकीपरच्या नावावर लोटून त्यानं चार वर्षं दाबून ठेवला होता. आपली चूक असली खदाखदा हसत सांगता येते, ह्याचाच त्याला हेवा वाटला.

एक वर्ष साहेब पहिल्या नंबरच्या लीगमध्येही होता. वर्षभर बाकावर. चार वेळा मास्तरनं, म्हणजे तिथल्या कोचनं, ऊठ म्हटलं, चार वेळा तो उठला. "बाकावर बसायची एकच युक्ती हाय, साहेब म्हणालाय," मोहनरावांनी सांगितलं. "ऊठ म्हटलं की उठायचं. आता दुखतंय, मग बघू, असलं कारण सांगायचं न्हाई. एकदा सांगितलं की परत कोण ऊठ म्हणत न्हाई." पुढं एका हिवाळ्यात गोठलेल्या मैदानावर काहीतरी झालं आणि साहेबाचा खेळ संपला. काय झालं ते मोहनरावांनी धड सांगितलं नाही, आणि सावळारामनं विचारलं नाही. संपला एवढं त्याला पुरेसं गोड लागलं होतं.

पण गोड फार दिवस राहिलं नाही. सरावात साहेब बाकावरून एकच शब्द ओरडायचा. मोहनरावांनी तो त्याला मराठीत शिकवला होता, "उभा!" तो सावळारामलाच असायचा. सावळाराम पळत सुटला की "उभा!" सावळारामची सगळी कीर्ती पळण्याची, आणि हा गोरा त्याला खांबासारखं उभं राहायला सांगणार.

त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. सावळारामचे वडील गेणूआबा ह्यांनी नऊ वर्षांत मुलाची एकही मॅच बघितली नव्हती. आबांची जन्मभर मेंढरांमागं पायपीट झालेली. आता कळप मोडून अकरा मेंढरं उरली होती, तीही सवय सुटत नाही म्हणून. चेंडूमागं पळणं हे कुत्र्याचं काम, माणसाचं न्हाय, असं आबांचं ठाम मत. ते आबा एक दिवस मेंढरं घेऊन मैदानाकडेला आले, साहेबाच्या शेजारी टेकले, आणि मग रोज यायला लागले. ह्याला त्याची भाषा कळेना, त्याला ह्याची. दोघं तासभर मुकाट बसायचे. मधूनच साहेब बोट दाखवायचा, आबा मान डोलवायचे. एकदा साहेब "उभा!" म्हणून ओरडला आणि पाठोपाठ आबाही ओरडले.

घरी सावळारामनं विचारलं, तुमाला त्यातलं काय कळतं? आबा म्हणाले, "समदं. दोन्हीकडं ज्वारी आन मधनं गाडीवाट. मेंढरू पिकाकडं बघाय लागलं की जो गडी पळत जातो, त्यो त्याला पिकातच घालतो. ज्याला कळतंय, त्यो आदीच तितं जाऊन उभा ऱ्हातो. तुझा सायब मेंढक्या हाय."

आयुष्यात आबांनी कुणाला ह्याहून मोठी पदवी दिली नव्हती. सावळाराम त्या दिवशी जेवला नाही.

तशात साहेबाला गेस्टहाऊसचं पचेना, म्हणून दुपारची भाकरी सावळारामच्या घरून जायला लागली. सावळाराम कामावर असताना एक दिवस साहेब स्वतःच येऊन ओसरीवर जेवला. खर्डा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, परत मागितला, आणि जेवण झाल्यावर आपलं ताट आपण उचलून मोरीत ठेवलं. हे ताट कुशाबाईनं पंधरा दिवस पुरवून वापरलं. सावळाराम हात धुवायला उठला की ती ताटाकडं बघायची.

सावळारामकडे एक हत्यार उरलं होतं. तो नकला फार छान करायचा. उसाच्या चिठ्ठ्या फाडणारा चिटबॉय, ओव्हरसियर, चेअरमनसाहेबांचं भाषण, सगळं त्याच्या अंगात होतं. आता कॅन्टीनमध्ये त्यानं साहेब काढला. साहेब टर्बाइनच्या लोखंडी जिन्यावरून कसा चढतो ते तो बाकड्यावर चढून दाखवायचा. डावा पाय वर, मग उजवा त्याच्याशेजारी आणून ठेवायचा, की परत डावाच वर. जणू प्रत्येक पायरीवर नवरदेव थांबतोय. उतरताना उलट, उजवा आधी, हात कठड्याला. लोक चहा सांडेपर्यंत हसायचे. साहेबी ऐट, दुसरं काय, असं सावळाराम म्हणायचा. रोज दोन-तीन वेळा करावी लागायची, आणि संध्याकाळी त्याची डावी मांडी भरून यायची. सगळा भार डावीवरच पडतो, एवढं त्याच्या ध्यानात आलं होतं, पण त्यानं त्याचा विचार केला नाही.

दसरा जवळ आला तसे मोहनराव एका संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून म्हणाले, औंदा इंदापुरात मागं साहेबांना उतरवायचा विचार चाललाय. सावळारामकडे बघून म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नकोस गड्या. वर्षभर तू नुसता हात फिरवालाईस. बाकावर बस, बघ, शीक."

सावळारामला बाक दिसला. बाकासमोर ट्रॉलीत बसलेली सासरवाडी दिसली. हिंदुरावांचा माईक दिसला, आणि त्यातून दुसऱ्याच कुणाचं तरी नाव येताना ऐकू आलं.

रविवारी तो सायकल काढून अंथुर्ण्याला गेला. वाटेत त्याला सुचलं होतं ते असं: पाहुण्याला कुणी खेळायला लावत नाही. ज्याच्या गळ्यात हार पडला तो मंडपातनं हलू शकत नाही. साहेबाला मैदानाबाहेर ठेवायचं तर त्याला स्टेजवर चढवायचं.

हिंदुराव ओसरीवर बसले होते. चहा आला. औंदा प्रमुख पाव्हणा कोण, असं सावळारामनं सहज विचारल्यासारखं विचारलं. हिंदुराव म्हणाले, अजून ठरंना. सावळाराम म्हणाला, आमच्याकडं एक जर्मन हाय.

"गोरा हाय ते झकास," हिंदुराव म्हणाले. "पर मोठा हाय का? दाजी, लोक इचारत्यात, मोठा हाय का."

आता आली का पंचाईत. ज्याच्या नावानं तीन महिने पोटात आग, त्याला स्वतःच्या तोंडानं मोठं करायचं होतं. सावळारामनं कप उचलला.

"गेल्या साली वर्ल्डकप कुणी नेला?" तो म्हणाला.

"जर्मनीनं."

"मग?"

हिंदुरावांनी बशी खाली ठेवली. "त्या टीममधी हुता?"

"मागं उभा हुता," सावळाराम म्हणाला, आणि चहा एका घोटात संपवला.

चाळिशीचा माणूस गेल्या साली वर्ल्डकप कसा खेळेल, हा हिशेब हिंदुरावांनी केला नाही. पत्रिकेच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता, नाव उघडंबोडकं छापायचं नाही. नावाला मागं-पुढं काहीतरी पाहिजे. आठवड्यानं लालभडक पत्रिका कारखान्यावर आली. वर ठळक अक्षरांत, 'विश्वविजेत्या जर्मन संघाचे आधारस्तंभ, बचावाची पोलादी भिंत, मा. श्री. वेर्नरसाहेब होल्स्टसाहेब यांच्या शुभहस्ते'. मोहनरावांनी ती तीनदा वाचली, डोक्याला हात लावला, आणि म्हणाले की इंदापूरकरांनी कहर केला. पण पत्रिका म्हणजे अक्षता. एकदा वाटली की परत गोळा करता येत नाही. साहेबाला त्यांनी एवढंच सांगितलं की तुमचा सत्कार आहे. आणि सावळारामला म्हणाले, आता साहेब स्टेजवर, तवा मागं तूच.

झालं होतं. जिंकला होता तो. मग सावळारामनं पत्रिका हातात घेऊन स्वतःचं नाव शोधलं. दरवर्षी असायचं, पोलादी भिंत सावळाराम देवकाते. वरपासून खालपर्यंत दोनदा बघितलं. तळाला, मंडपवाल्याच्या नावाच्या वर, बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'व इतर खेळाडू'. जागा पुरली नसावी. पण जागा पुरली नाही म्हणून त्याची भिंतच उचलून साहेबाला दिली होती.

रविवारी इंदापुरात जेवढी माणसं लोटली तेवढी त्या मैदानानं कुस्त्यांनाही बघितली नव्हती. साहेबाला सजवलेल्या बैलगाडीतून आणलं, पुढं हलगी. स्टेजवर शाल झाली, नारळ झाला, भगवा फेटा झाला. फेटा साहेबाच्या डोक्याला असा काही शोभला की बायकांत कुजबूज झाली, आणि त्या कुजबुजीत सावळारामला कुशाबाईचा आवाज ओळखू आला. गेणूआबा जन्मात पहिल्यांदा इंदापुरात मॅचला आले होते. येऊन कुठं बसले? स्टेजच्या पायाशी, साहेबाजवळ.

मॅच सुरू झाली. सावळाराम आपल्या जागेवर होता, ज्या जागेसाठी एवढं केलं त्या जागेवर. पण त्याच्याकडं कुणी बघतच नव्हतं. इंदापूरचा गडी चेंडू घेऊन आला तरी लोकांच्या माना स्टेजकडं, की साहेब आता काय करतात. सावळारामही तिकडंच बघत होता. साहेबाला कुणीतरी लिंबू सरबत देत होतं. कोणतं सरबत ते बघेपर्यंत चेंडू त्याच्या उजवीकडून गेला, आणि बॉयलरच्या नळ्या नव्हेत, पण खांब ते खांबच, त्यांच्यामधून आत गेला. एक शून्य.

दुसऱ्या डावात पंचवीस-तीस मिनिटं तशीच गेली. मग मागून कुणीतरी ओरडलं, साहेबांना उतरवा. दुसरीकडून ओरडा आला. इंदापूरकरांना जिंकण्यापेक्षा वर्ल्डकपवाला पळताना बघायचा होता. बघता-बघता सगळं मैदान टाळ्यांच्या ठेक्यावर एकच मागणी करायला लागलं. हिंदुरावांनी माईक तोंडाशी नेला. "लोकाग्रहास्तव! प्रमुख पाहुणे स्वतः मैदानात उतरत आहेत. पोलादी भिंत वेर्नरसाहेब, कारखाना संघातर्फे, आमच्या दाजींच्या जागेवर!"

सावळारामला वाटलं, साहेब हसून हात हलवील. पण साहेब उठला. कुणी ऊठ म्हटलं की चारही वेळा उठलेला माणूस, तो उठला. त्यानं फेटा काढून खुर्चीवर ठेवला, हार काढला, पॅन्टचे पाय गुंडाळले, आणि स्टेजच्या पायऱ्यांशी आला.

उजवा पाय आधी. मग डावा त्याच्याशेजारी. हात बांबूला.

सावळाराम गोलासमोर उभा होता, पण त्याची डावी मांडी आपोआप ताठली. दोनशे वेळा तरी तो ह्या पायऱ्या उतरला होता, कॅन्टीनच्या बाकड्यावरून, लोकांना हसवत. ती ऐट नव्हती. ज्याचा उजवा गुडघा भार घेत नाही तोच असा उतरतो. ह्या माणसाला चार पावलं पळता येणार नव्हतं. इंदापूरचा कुठलाही वीस वर्षांचा पोरगा त्याला पहिल्या मिनिटाला मातीत लोळवणार होता, आणि मग हेच मैदान हसणार होतं, की हा कसला वर्ल्डकपवाला. वर्ल्डकपवाला कुणी केला होता?

साहेब रेषेपाशी येऊन थांबला. रेफरी बारामतीचे पीटीचे मास्तर होते. त्यांनी सावळारामला बाहेर यायची खूण केली.

सावळाराम हलला नाही.

माईक खरखरला. "सावळाराम देवकाते यांना नम्र विनंती, की त्यांनी बाहेर यावं." थोड्या वेळानं, "सावळाराम यांनी वेळ घालवू नये." आणि मग, सगळा तालुका ऐकत असताना, "ओ दाजी, या की भायेर!"

"मी हटत न्हाय," सावळाराम म्हणाला. ते माईकशिवाय सगळ्यांना ऐकू गेलं.

रेफरी मास्तरांनी खिशातलं नियमांचं पुस्तक उघडून बघितलं. गडी बाहेर येत नसला तर खेळ पुढं चालू करायचा, त्याला ओढून काढायचं असं काही लिहिलेलं नव्हतं. सावळारामऐवजी बाहेर काढायला मोहनरावांना दुसऱ्या कुणाचं नाव सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. ते खाली बघत मातीत बोटानं रेघा ओढत बसले. मास्तरांनी शिटी मारली.

मग जे सुरू झालं ते सावळारामनं जन्मात ऐकलं नव्हतं. जळतोय! जळका मेला! साहेबाचं बरं बघवंना! अंथुर्ण्याच्या ट्रॉलीतून सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर, की मी म्हणतच हुते. ज्यांच्यासाठी त्यानं हे सगळं केलं होतं त्यांच्यासमोर सगळं गेलं. आणि गंमत अशी की जळण्यात त्यानं तीन महिने काढले तेव्हा कुणी त्याला जळका म्हटलं नव्हतं. आत्ता ह्या घडीला आपण जळतोय की दुसरंच काही करतोय हे त्याला स्वतःला नीट सांगता येईना. दोन्ही असावं. साहेब आपल्या जागेवर उभा राहिलेला त्याला बघवलाही नसता, आणि पडलेला तर त्याहून नाही.

शेवटच्या मिनिटांत इंदापूरचा सगळ्यात चपळ पोरगा एकटा चेंडू घेऊन निघाला. सावळारामचे हात फिरायला लागले. मग थांबले. पोरगं चेंडूकडं बघत नव्हतं. ते डाव्या खांबाकडं बघत होतं, पिकाकडं बघावं तसं. सावळाराम चार पावलं चालत तिथं गेला आणि उभा राहिला. पोरानं लाथ मारली ती सरळ त्याच्या छातीवर.

टाळी कुणी वाजवली नाही. संघ एका गोलनं हरला, आणि साहेब उतरले असते तर जिंकलो असतो, असं जो-तो म्हणत घरी निघाला.

बक्षीस वाटताना साहेबाला बोलायला लावलं. तो इंग्रजीत बोलला, मान जोरजोरात हलवत, "नो, नो" करत, बोटांवर काहीतरी मोजत. मी त्या संघात नव्हतो, मला कधी कुणी बोलावलं नाही, असं तो सांगत होता. मोहनराव घोटभर पाणी पिऊन माईकवर म्हणाले, "साहेब म्हणालेत, एवढ्या मोठ्या सत्काराच्या लायक मी न्हाई. इंदापूरची माणसं लई मायाळू." टाळ्यांचा कडकडाट झाला. काय नम्र माणूस, म्हणून म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. खरं बोलूनही त्यालाच टाळ्या. सावळाराम संघ घेऊन आलेल्या ट्रकच्या मागं उभा राहून बूट काढत होता.

गेणूआबा काठी टेकत तिथं आले. तोंडावर काही न दाखवता म्हणाले, "आज उभा ऱ्हायलास." आणि पुढं केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

परत येताना ऊन कलतं झालं होतं. ट्रकच्या हौद्यात सगळा संघ सावळारामपासून दोन हात लांब बसला. साहेब मात्र धरत-धरत त्याच्याशेजारी येऊन बसला. त्यानं पॅन्टचा उजवा पाय वर ओढला. गुडघ्याच्या वरून खाली, वाकडीतिकडी, पांढरीफट, वीतभर खूण. मग मोहनरावांनी तोंड उघडलं. साहेबानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की हा गुडघा खेळायचा नाही. खेळवायचा विचार कधी नव्हताच. "तुला जरा वचक बसावा म्हणून म्हटलं मी. एवढं मनाला लावून घेशील असं कुणाला वाटलंतं?" पत्रिकेतलं कुणी केलं हे मोहनरावांनी विचारलं नाही. सावळारामनंही सांगितलं नाही.

तो खुणेकडे बघत होता. किती टाके, असं त्यानं विचारलं. सतरा, साहेब म्हणाला. सावळारामच्या अंगावर कोयता लागल्याचे चार होते, तेही पोटरीला, धोतर नेसलं तर दिसायचेसुद्धा नाहीत.

साहेब मोहनरावांच्या कानात काहीतरी म्हणाला. मोहनराव कसंनुसं हसले. "साहेब म्हणालेत, तू त्येंची नक्कल करतोस म्हणं. बघायची हाय."

आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. हौद्याच्या फळीवर एक पाय ठेवून सावळारामनं जिना चढून दाखवला, डावा, मग उजवा, कठड्याचा हात, सोललेल्या नाकावर बोट फिरवणं. साहेब पोट धरून हसला. संघही हळूहळू हसायला लागला. मग साहेबानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं, आणि बसल्या जागीच सुरू केलं. दोन्ही हात विहिरीतून बादली ओढल्यासारखे गरागरा, छाती फुगलेली, ओठ आवळलेले. आणि दर दोन हिसक्यांनंतर मान झटकन वळवून कडेला बघायचं, आपल्याकडं कोण बघतंय का म्हणून. परत हात, परत मान.

ट्रक हसून हलायला लागला. गोलकीपरच्या तोंडातली तंबाखू बाहेर आली.

"मी असं बघतो?" सावळारामनं विचारलं.

सगळे एका सुरात म्हणाले, व्हय.

हात तर सगळ्यांनीच बघितले होते, पण ती मान आजवर कुणाला सापडली नव्हती, स्वतः सावळारामलाही नाही. एवढी एक कला आपल्याकडं होती, तीही ह्यानं बसल्या-बसल्या, एका गुडघ्यावर मारून नेली. अंथुर्णे मागं पडेपर्यंत सावळाराम त्या मानेचाच विचार करत होता. तेवढी मान घेतली तर आपण कॅन्टीनमध्ये काय रंग भरू, असं त्याला वाटायला लागलं.

घरी आल्यावर कुशाबाई चुलीपुढं बसलेली होती. मॅच संपताच एसटी धरून ती आधीच पोचली होती, आणि तिचं तोंड बघून पुढचे चार दिवस कसे जाणार ते कळत होतं. सावळारामनं पाय धुतले. मग ती वळून बघेल अशा बेतानं तो ओसरीवर उभा राहिला, छाती फुगवली, बादली ओढल्यासारखे हात फिरवले, आणि दर दोन हिसक्यांनी मान झटकन वळवून बघितली.

कुशाबाईनं भाकरी उलटली.

"परवा जेवायला आल्ते तवा सायबांनी करून दावली हुती," ती म्हणाली. "त्येंची बरी हुती."